आधी कोणी खाली ठेवायचं

रशिया आणि अमेरिकेनं अण्वस्त्रं कमी करायचा करार केला आणि त्यापायी भडगावजवळच्या आमच्या गावात माझ्या वडिलांची केळीची बाग वाळली. ऐकणाऱ्याला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. घराबाहेर मी ते कुणाला सांगितलंच नाही, त्यामुळे हसायची वेळ कुणावर आली नाही. दोष कराराचा नव्हता. मधे बोलणारा माणूस मी होतो.

मुळात मी कमी बोलतो. घरात कमी, बाहेर त्याहून कमी. पण तरुणपणी मला रशियन भाषा येत होती. पुण्याला शिकलो, नंतर शिष्यवृत्ती मिळाली म्हणून वर्षभर मॉस्कोत राहून आलो, आणि धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो. धुळ्यात रशियन कुणाशी बोलणार? त्यामुळे करारावर सह्या झाल्यानंतरच्या हिवाळ्यात मैत्री-दौऱ्यावरचे रशियन पाहुणे जळगावला येणार आणि त्यांचं बोलणं मराठीत करायला माणूस हवा असं कळलं, तेव्हा आमच्या प्राचार्यांनी माझं नाव पुढे केलं. मी नवा कोट शिवला.

आता गावाकडचं सांगतो. माझे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणायचो. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे नाना. शेतं वाटली गेली तेव्हा विहीर नेमकी बांधावर आली. अर्धी ह्यांची, अर्धी त्यांची. दोघांनी तीन हॉर्सपॉवरच्या मोटारी बसवल्या आणि काही वर्षं सुखात गेली. मग नानांनी केळी वाढवली आणि पाचची मोटार आणली. आबांनी पाचची आणली. नानांनी साडेसातची आणली. आबांच्या मनात साडेसातची होतीच, हंगाम येण्याची वाट होती. विहिरीत पाणी तेवढंच. लाईट आली की दोन्हीकडची माणसं आपापल्या स्टार्टरकडे पळायची. जो आधी पोचेल त्याची बाग भिजायची, उरलेल्याला गाळ. दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. बोलायचं असलं तर विहिरीच्या काठावर उभं राहून बैलांना बोलायचे.

‘‘चाल रे ढवळ्या, काही लोकेस्ले लाज शे का नही!’’ असं आबा म्हणायचे. पलीकडून नाना आपल्या बैलाला उत्तर द्यायचे.

आबा रोज पेपर वाचायचे. पारावर बसून मोठ्यानं वाचायचे, म्हणजे ऐकणाऱ्यांनाही वाचल्याचं पुण्य. क्षेपणास्त्रांच्या बोलण्यांची बातमी ते कापसाच्या भावाआधी वाचायचे. बोलणी फिसकटली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा फिसकटली. त्यात त्यांना आपली विहीर दिसत असणार, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा उगाच जगाची काळजी करतो.

जळगावच्या त्या सभागृहात आबा आले. मी बोलावलं नव्हतं. पाहुण्यांमध्ये एक उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. करारावर जी बोलणी झाली त्यात रशियाच्या बाजूनं कागद सांभाळणाऱ्यांपैकी ते एक. मोठे नेते नव्हेत, मागच्या रांगेत बसणारे. पण बोलणी चालली तेव्हा खोलीत होते. आबांनी हे पेपरात वाचलं असावं. ते सकाळच्या एसटीनं निघाले, डोक्याला धुतलेली टोपी, आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसले.

भाषणं झाली. प्रश्न विचारा, असं कुणीतरी म्हणालं. दोन प्राध्यापकांनी शुद्ध मराठीत लांबलचक प्रश्न विचारले, मी ते रशियनमध्ये नीट केले. मग आबा उठले.

‘‘पाहुणाले इचार, भो,’’ ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले. ‘‘दोन्हीस्ना एकमेकवर इस्वास नही. मंग पयले हत्यार खाले कोन ठेवस? आनि समोरलानी खरंच ठेवं का नही, हाई देखाले कोन जास? मनी आनि मना भाऊनी एकच विहीर शे, त्यानी साडेसातनी मोटार बसाडी...’’

सभागृह हसलं. वाईट हसू नव्हतं ते, आता आठवलं तर जाणवतं. पण माझ्या कानाला ते वाईट लागलं. नवा कोट, शेजारी प्राचार्य, समोर कलेक्टर कचेरीतले साहेब, आणि माझा बाप मोटारीचे हॉर्सपॉवर सांगतोय. मला आबांची भाषा लाजेची वाटली. आबा लाजेचे वाटले. इतक्या सोप्या शब्दांत मी हे आज प्रथमच लिहितो आहे.

‘‘एक शेतकरी बंधू विचारताहेत,’’ मी माईकवर म्हणालो. बंधू. आणि पाहुण्यांकडे वळून रशियनमध्ये विचारलं, ‘‘भारतातल्या शेतकऱ्यांना आपण काय संदेश द्याल?’’

पाहुणे बिचारे सौजन्यानं उभे राहिले. शांततेसाठी कुणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं, जमीन आणि माणूस यांचं नातं सगळीकडे सारखंच, असं काहीसं बोलले. मी आबांकडे बघितलं. त्यांना लवकर खाली बसवायचं होतं मला. म्हणून माझ्या पदरचं घालून सांगितलं, ‘‘पाहुणे म्हणतात, जो मोठा असतो त्यानं आधी खाली ठेवावं.’’

 आबांनी मान हलवली, जशी हिशेब पटल्यावर माणूस हलवतो, आणि ते बसले. कार्यक्रम संपल्यावर मला न भेटता एसटी स्टँडकडे गेले. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना केळीची बाग दाखवायला आम्ही नशिराबादकडे निघालो. जीपमध्ये मी त्या पांढऱ्या भुवयांच्या गृहस्थांशेजारी होतो. काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना आबांचा खरा प्रश्न विचारला. माझे वडील होते ते, हे मात्र तेव्हाही बोललो नाही. ‘एका माणसाला जाणून घ्यायचं आहे’ असं म्हणालो.

ते मोठ्यानं हसले. ‘‘आधी? आधी कुणीच ठेवत नाही. एकट्यानं खाली ठेवलं तर समोरच्याला वाटतं, ह्यानं घरात ह्याहून मोठं काहीतरी लपवलंय. आम्ही दोघांनी बरोबर कमी करायचं ठरवलं. आणि मोडायचं ते एकमेकांच्या माणसांसमोर. आज आमच्या कारखान्याच्या दाराशी त्यांची माणसं मुक्कामाला आहेत आणि त्यांच्या दाराशी आमची. येणारा-जाणारा डबा बघतात. विश्वास नाही म्हणून तर बसलीत!’’ मग म्हणाले, ‘‘कितीतरी दिवस आमचं भांडण कशावर चाललं होतं माहीत आहे? मित्रदेशांची शस्त्रं कुणाच्या खात्यावर धरायची ह्यावर.’’

हे ऐकलं तेव्हाच जीप थांबवून भडगावची एसटी पकडायला हवी होती. निदान एक कार्ड टाकायला हवं होतं. पण संध्याकाळी पाहुण्यांबरोबर धुळ्याला जायचं होतं, तिथे प्राचार्यांच्या घरी जेवण होतं. मी गेलो. मग परीक्षा आल्या. आबांनी ते मनावर घेतलं असेल असं मला वाटलंच नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

आबांनी मनावर घेतलं होतं. ते थोरले होते ना.

गावात त्यांनी सांगितलं, रशियाच्या पाहुण्यानं मला स्वतः सांगितलंय. आणि एके सकाळी माणसं लावून, साखळीच्या कप्पीनं आपली पाचची मोटार विहिरीतून वर काढली, बैलगाडीत घातली आणि नानांच्या दारावरून मुद्दाम हळू हळू नेली. नानांना दिसावी म्हणून. तोंडानं काही बोलले नाहीत. भाऊ समजून घेईल असं त्यांना वाटलं. भडगावला एका ओळखीच्या दुकानात मोटार ठेवून रिकामी गाडी घेऊन परत आले.

आमच्याकडे माणूस चालती मोटार कधी काढतो? एकच कारण असतं. मोठी आणायची असते. नानांनी गाडीतली मोटार बघितली आणि मुलाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, म्हणाले, ‘‘आबा दहानी लयी ऱ्हायना!’’ दोन दिवसांत नानांच्या बाजूला दहाची मोटार बसली.

मार्च गेला, एप्रिल आला. दहाची मोटार थोड्या वेळात विहीर कोरडी करायची. आबा जुन्या हातपंपानं, बादल्यांनी, भाड्याच्या टँकरनं जमेल तेवढं करत राहिले, पण मोटार परत बसवेनात. ‘‘मी मोठा शे,’’ एवढंच म्हणायचे. माय त्यांच्याशी भांडून थकली. केळीची पानं आधी कडेनं पिवळी पडली, मग मधोमध मोडून लोंबू लागली. घड आले ते बोटाएवढ्या केळ्यांचे. कच्च्या भाजीलाही कुणी नेईना असे.

हे मला कुणी कळवलं नाही. मी आखाजीला घरी आलो तेव्हा बघितलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण, माहेरवाशिणी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. आमची आणि नानांची पोरं एकाच झोक्यावर होती, कारण झोक्याला वाटणी नव्हती. मी बागेत गेलो. वाळलेल्या पानांचा आवाज कागदासारखा येत होता. आबा एका खोडाशी बसले होते.

‘‘पाहुणानं सांगेल व्हतं तसं करं,’’ ते म्हणाले. ‘‘धाकलाले समजनं नही.’’ माझ्यावर राग नव्हता, पाहुण्यावरही नव्हता. राग नसल्यानंच मला तिथे उभं राहवेना.

मी तिथून थेट बांध ओलांडून नानांच्या घरी गेलो. कित्येक वर्षांनी. काकू खापरावर मांडे टाकत होत्या. त्यांनी काही न विचारता मला पाट दिला. नाना खाटेवर होते.

‘‘काय, रशियावाला,’’ नाना म्हणाले. ‘‘बापनी धाडं का?’’

‘‘नही. मी मना मनानंच उनू.’’ गावात आलो की जीभ आपोआप वळायची. फक्त सभागृहात वळली नव्हती. मी त्यांना सांगितलं की आबांनी मोटार काढली ती मोठी आणायला नव्हे, काढायलाच काढली. भडगावच्या दुकानात पडून आहे, जाऊन बघा.

 नाना हातातल्या अडकित्त्याची नुसतीच उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, ‘‘खोटं.’’

‘‘मोटरसायकलवर पोऱ्याले धाडा. देखी येऊ द्या.’’

चुलतभाऊ गेला, आला, आणि मान हलवून म्हणाला, ‘‘शे. धूळ बसेल शे तिच्यावर.’’

काकूंनी खापर उतरवलं आणि डोळ्यांना पदर लावला. पण नाना सहज वाकणारे नव्हते. ‘‘मनी काढी टाकू आनि आबानी परत बसाडी मंग? तुना बापवर मना इस्वास नही.’’

‘‘ठेवूच नका, नाना. रशियाले अमेरिकावर कोठे शे?’’

‘‘मंग त्यास्ना करार कसाना?’’

‘‘इस्वास नही म्हनीसनच करार. इस्वास ऱ्हाता ते कागद काबर जोयजे व्हता?’’ आणि जीपमध्ये ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. बरोबर कमी करायचं, एकमेकांच्या समोर करायचं, एकमेकांच्या दारात माणूस बसवायचा. नाना उठून बसले. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं.

‘‘मंग मी कोन? अमेरिका का रशिया?’’

‘‘तुम्ही सांगा.’’

‘‘अमेरिका. रशिया आबाले ऱ्हाऊ दे, तठे थंडी भलती ऱ्हास.’’

त्यानंतर आठवडाभर मी दोन घरांच्या मधे येरझारा घातल्या. भाऊ समोरासमोर बसायला तयार नव्हते. नानांचं म्हणणं, आबांची पाचची, माझी दहाची. दोघांनी पाच-पाच कमी करू, म्हणजे आबांची शून्य, माझी पाच. आबा हसले आणि म्हणाले, धाकला लहानपणापासून असाच गणितात हुशार. आबांचं म्हणणं, नानांच्या मेहुण्याच्या शेतात बोअर आहे, त्याचं पाणी नानांच्या बागेत येतं, ते त्यांच्या खात्यावर धरा. नाना तडकले. ‘‘मेहुणा मना शे, बोअर त्यानं शे!’’ मला त्या पांढऱ्या भुवया आठवल्या. बोअरवर दोन दिवस अडलं. शेवटी मेहुण्याचं बोअर सोडून दिलं, त्याच्या बदल्यात लाईट आल्यावर पहिली पाळी आबांची.

ठरलं ते असं. दोघांनी तीन-तीनच्या मोटारी बसवायच्या. मोठ्या गोठ्यात लपवून ठेवायच्या नाहीत; एकाच टेंपोत घालून धुळ्याच्या बाजारात विकायच्या, दोघांच्या देखत. आणि पाऊस येईपर्यंत नानांच्या मोटारीच्या खोलीत आमच्याकडचा माणूस बसेल, आमच्या खोलीत त्यांच्याकडचा. आमच्याकडचा माणूस म्हणजे मी. मला सुट्टी होती. त्यांच्याकडचा, माझा चुलतभाऊ.

मोटारी उतरवायच्या दिवशी सगळं गाव विहिरीवर आलं. कप्पी एकच होती. नानांची दहाची वर आली तेव्हा आबा वाकून बघत होते, खरंच तीच आहे ना. तीनची खाली गेली तेव्हा नाना वाकून बघत होते. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, ‘‘दोन्ही बी पडतीन विहिरीमा, मंग मोटारनी गरजच नही!’’ दोघं भाऊ एकदम त्याच्यावर ओरडले. ती त्यांची बरोबर बोललेली पहिली गोष्ट.

मी नानांच्या खोलीत बसू लागलो. पत्र्याची खोली, ऊन, एक खाट. पहिले काही दिवस तिकडून कुणी फिरकलं नाही. मग काकूंकडून ताक येऊ लागलं, मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चुलतभाऊ आबांच्या खोलीत बसून आबांना पेपर वाचून दाखवायचा, कारण आबांचा चष्मा फुटला होता. खरं तर माय त्याला वर्षानुवर्षं वाढायला टपलेली होती. त्याचं वजन वाढलं, माझं नाही. पाळीप्रमाणे मोटारी चालल्या. विहिरीला सकाळपर्यंत पाझर भरायला वेळ मिळू लागला. काठावर उभं राहिलं की खाली गाळाऐवजी पाणी चमकायचं.

तेव्हा मला वाटलं, आता सांगायला हवं. सगळं नीट चाललं होतं, कुणी काही विचारत नव्हतं, गप्प राहणं सोपं होतं. कदाचित म्हणूनच. दुपारी आबा वाळलेली खोडं तोडत होते. मी विळा घेऊन शेजारी लागलो आणि तोडता तोडता सांगितलं, की जळगावला मी तुमचा प्रश्न विचारलाच नव्हता. मोठ्यानं आधी ठेवावं हे पाहुणा बोलला नव्हता, मी बोललो होतो. बाग माझ्यामुळे गेली.

आबांचा हात थांबला नाही. दोन खोडं झाल्यावर ते म्हणाले, ‘‘केळी काय, केळी परत लावता येस.’’ आणखी एक खोड. ‘‘तू माले शेतकरी बंधू म्हन्ना. ते लागनं.’’

मग ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला ती शिक्षा कमी वाटली, आजही वाटते. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली, ‘‘चाल रे, नानाकडे जावानं शे. कंद जोयजेत.’’

नवी बाग लावायची तर केळीचे कंद लागतात, आणि आमच्या बागेत जिवंत असं काही उरलं नव्हतं. ते नानांकडूनच घ्यायचे. आबा स्वतः बांध ओलांडून गेले, मी टोपली घेऊन मागे. नानांनी कुदळ काढून ठेवली होती. आबा लहान लहान कंद निवडत होते, उपकार कमी व्हावेत म्हणून. नानांनी ते टोपलीतून काढून फेकले आणि मोठे घातले. ‘‘पोसतीन असा घ्या ना! रशिया इतला कंजूस व्हता का?’’

‘‘तू दहानी मोटार बसाडी, मी काही बोलनू का?’’

‘‘बोलना ऱ्हातात ते बसाडतूच नही.’’

जून सरता सरता कंद लागले. पुढच्या उन्हाळ्यातही खोल्यांत माणसं बसली, पण तोवर कोण कुणावर लक्ष ठेवतंय हे कुणी सांगू शकलं नसतं. मी धुळ्याला होतो, माझ्या जागी माय जाऊन बसायची, आणि काकू तिथेच पापड लाटायला घेऊन यायच्या.

काही वर्षांनी रशियाचाच देश मोडला. बातमी आली तेव्हा मी गावी होतो. नाना सकाळी सकाळी बांधावर येऊन आबांना हाका मारू लागले, बैलांना नव्हे, आबांना.

‘‘आबा! तुमना रशिया ते मोडना! आते करार कोनासंगे?’’

आबांनी पेपर घडी घालून काखेत धरला. आमची विहीर भरलेली होती, तिच्यावरच्या दोन्ही मोटारी चालू होत्या.

‘‘दोन्हीस्ना मानसे आजून एकमेकना दारमाच बसेल शेतस, लिखेल शे पेपरमा,’’ ते म्हणाले. ‘‘तू बी बस. चहा येवाले लागना.’’